आतून न उघडणारे दार

मी एक जुना पिकअप ट्रक आहे, आणि या शहराला उजेड मी दिला.

मित्रांनो, हे वाक्य मी बरीच वर्षे मनात घोकून ठेवले होते. आत्मवृत्त लिहायची वेळ आली की सुरुवात अशी भारदस्त करायची, असा माझा बेत होता. आता प्रत्यक्ष लिहिताना थोडी दुरुस्ती करतो. उजेड सूर्याने दिला. मी फक्त खिडक्यांच्या काचा पोहोचवल्या. त्यातल्याही काही वाटेत फुटल्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका टोकाने पत्रा आत गेला आणि दुसऱ्या टोकाने मी बाहेर आलो. मधल्या वेळात बऱ्याच लोकांनी मला ठोकले. तोंड मोटारीचे आणि पाठ ट्रकची, असे आमचे रूप तेव्हा नवलाचे होते. 'मूर्ती लहान, पाठ महान' अशी आमची जाहिरात होती. ती लिहिणाऱ्याने आयुष्यात काही उचलले नसावे. कारखान्याच्या कागदावर मी ट्रक, म्हणजे पुल्लिंगी होतो. बाहेर पडलो तेव्हा लोक मला 'गाडी' म्हणू लागले, म्हणजे स्त्रीलिंगी झालो. आणि चढावर बंद पडलो की 'डबडं' म्हणत, तेव्हा नपुंसकलिंगी. व्याकरणाची सगळी सेवा एकट्याने केली, पण एकाही शिक्षकाने माझे उदाहरण दिले नाही.

माझी पहिली नोकरी एका कार्यालयात होती. तिथले साहेब पुढच्या सीटवर बसत आणि मागच्या हौद्यात आपली छत्री ठेवत. अर्धा टन ओझे वाहायला जन्मलेल्या मी काही वर्षे एक छत्री वाहिली. साहेब निवृत्त झाले, छत्री त्यांच्याबरोबर गेली आणि मला कार्यालयामागे झाडाखाली उभे करण्यात आले. मित्रांनो, गाडी चालून झिजत नाही तेवढी उभी राहून झिजते. टायर चपटे होतात, टाकीत गाळ बसतो, उंदीर वायरी कुरतडतात आणि पत्र्याला गंज लागतो. गंज हा आमचा मधुमेह आहे. दुखत नाही, खुपत नाही, आणि एक दिवस पाय काढावा लागतो.

तिथून मला काचवाल्या काकांनी सोडवले. लिलावात बोली लावणारे ते एकटेच होते, त्यामुळे चुरस फारशी झाली नाही.

काका खिडक्यांना काचा आणि भिंतींना आरसे बसवत. त्यांनी माझ्या हौद्यात काचा टेकवायला लाकडाची तिरकी घोडी ठोकली, तिला जुन्या घोंगड्यांचे तुकडे लावले आणि मी काचेची गाडी झालो. काचेचा धंदा दोघांचा असतो. मोठी काच एकट्याला उचलता येत नाही. एक कड काकांच्या हातात, दुसरी काकूंच्या. त्या दोघांत एक नियम होता. ज्याला हात काढायचा असेल त्याने आधी सांगायचे, 'सोडतो.' समोरच्याने भार पेलला की तो म्हणणार, 'घेतलं.' आणि 'घेतलं' कानावर आल्याशिवाय बोटही हलवायचे नाही. मग नाकावर माशी बसो, नाहीतर दारात पाहुणे येवोत.

"काच सोडायची असते, टाकायची नसते," काका म्हणत. "सोडली तर कुणाच्या तरी हातात जाते. टाकली तर जमिनीवर."

हा नियम काचेपुरता राहिला नाही. चहाचे आधण, धान्याचा डबा, सगळे याच दोन शब्दांवर इकडून तिकडे जाई. त्यांची लेकसुद्धा अशीच वाढली. "सोडते." "घेतलं." ती या कडेवरून त्या कडेवर. नातेवाईक हसत. पण त्या पोरीला कधी खोक पडली नाही, हे मी नमूद करतो.

आता मुख्य गोष्टीकडे, म्हणजे माझ्या डाव्या दाराकडे येतो.

काकूंच्या भावाने नवे घर घेतले. भावजयीला भिंतभर आरसा हवा होता. काका-काकूंनी तो भेट म्हणून द्यायचा ठरवला आणि सगळे माहेर बघत असताना तो भिंतीवर चढवायला घेतला. मी बाहेर उभा होतो. मला फक्त काच फुटल्याचा आवाज ऐकू आला. त्यानंतर भावजय बोलू लागली ती थांबेचना.

परतीच्या वाटेवर तिठा लागतो. तीन रस्ते जिथे मिळतात तिथे लाल दिवा लागला आणि काका म्हणाले, "तू न सांगता सोडलीस."

"मी सोडते म्हटलं. तुम्ही घेतलं म्हणालात."

"मी नाही म्हणालो."

"म्हणालात. या कानांनी ऐकलं."

"तुझी भावजय बोलत असताना कुणाला काय ऐकू येतं?"

"माझ्या माहेरावर जाऊ नका. आणि सगळ्यांसमोर काय म्हणालात? 'हिनं टाकली.' टाकली म्हणालात! सोडलीसुद्धा नाही."

"फुटली की सगळं सारखंच."

"सारखं? तुम्हीच सांगता ना सारखं नसतं म्हणून? मी जाते परत. उतरते इथंच."

असे म्हणून काकूंनी दाराचे आतले हँडल असे ओढले की आतली सळई तुटली आणि हँडल हातात आले. दार जागचे हलले नाही. खिडकीची काच उतरवून बाहेरून उघडावे, तर ती काच कित्येक महिने वर अडकलेली. काचवाल्याच्या गाडीची काच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

काका उतरले. माझ्या तोंडासमोरून वळसा घालताना त्यांनी बॉनेटवर दोनदा थाप मारली. बिथरलेल्या जनावराच्या पुढून जाताना मारतात तशी. मला शांत करत होते की स्वतःला, ते कळले नाही. त्यांनी बाहेरून दार उघडले आणि ते धरून उभे राहिले.

"उतरायचंय तर उतर. दार मी उघडून देतो. कोंडून नेलं म्हणायला नको."

दिवा हिरवा झाला होता. मागच्या गाड्या कोकलत होत्या. काकूंनी माहेरच्या रस्त्याकडे पाहिले, काकांकडे पाहिले, हातातल्या हँडलकडे पाहिले.

"ऊन फार आहे," त्या म्हणाल्या. "चला आता. लोक बघतायत."

हँडल समोरच्या कप्प्यात गेले आणि तिथेच राहिले. कोणाचे चुकले हे ठरले नाही आणि दार दुरुस्त झाले नाही. त्या दिवसापासून मी कुठेही थांबलो की काका उतरणार, पुढून वळसा घालणार, दोन थापा, आणि काकूंचे दार उघडणार. तोवर काकू मांडीवर पिशवी घेऊन महाराणीसारख्या बसून.

दाराची सळई तुटली आहे हे गल्लीत कोणाला माहीत नव्हते. लोकांना वाटे, प्रेम आहे. शेजारच्या वहिनी आपल्या नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, "बघा, शिका काहीतरी! नाहीतर आमच्याकडे. मी अर्धी बाहेर असते तोच गाडी चालू." माझ्यामुळे त्या गल्लीतल्या बऱ्याच नवऱ्यांचे नुकसान झाले. काकूंनी कोणालाही खरे कारण सांगितले नाही. मला वाटते, पुढे पुढे त्यांनाही लोकांचे म्हणणे पटू लागले होते.

माझा डॉक्टर म्हणजे एक मेकॅनिक होता. त्याला सगळे 'पाना' म्हणत, कारण त्याचा दहा नंबरचा पाना जन्मात कधी वेळेवर सापडला नाही. मी गेलो की तो आधी डावे दार हलवून बघे.

"काका, नवी सळई टाकून देतो ना. पाच मिनिटांचं काम."

"ते राहू दे. बाकीचं बघ."

बाकीचे पुष्कळ होते. माझा रेडिएटर गळत असे आणि काका त्याला रोज पाणी पाजत. थंडीत कार्ब्युरेटर रुसे. चोक ओढून, मनधरणी करून मला उठवावे लागे. तिसरा गिअर आपणहून निसटे, तो हाताने दाबून धरावा लागे. डावीकडचे स्प्रिंगचे पाटे बसले होते, म्हणून मी जरा काकूंच्या बाजूला कललेला असे. पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर. टाकी रिकामी असो की भरलेली, त्याने आशा सोडली नाही. हॉर्न फक्त स्टिअरिंग डावीकडे वळवले की वाजे, त्यामुळे उजवीकडच्या लोकांना देवाच्या भरवशावर सोडावे लागे. पण तुम्ही माझी कीव करू नका. हे सगळे दुखणे काकांच्या हाताला पाठ होते. ज्याची खोड कोणाला तरी पाठ आहे, तो मोडका नसतो. असे मला तेव्हा वाटे.

लेक मोठी झाली, शिकली, दुसऱ्या गावी नोकरीला लागली. तिने घेतलेली गाडी बोलत असे. पट्टा लावा, दार उघडे आहे, डावीकडे वळा. "माझी गाडी बोलते, बाबा," ती म्हणाली. काका म्हणाले, "आमची खोकते. पण मनातलं कळतं."

काकांचा बिघाड आधी मापांत दिसला. एका घरी ते एकटेच जाऊन खिडकीचे माप घेऊन आले, काच कापली, कडा घासल्या, काकूंना घेऊन बसवायला गेले. काच केसभरही कमीजास्त नव्हती. फक्त खिडकीत आधीच एक काच होती, आणि ती त्यांनीच मागच्या उन्हाळ्यात बसवली होती.

तपासण्या झाल्या. काकूंनी पानाला त्याच्याच भाषेत सांगितले, "वायरिंग जातंय म्हणे. हळूहळू."

"मग बदलता येत नाही?"

"पार्ट येत नाही."

पाना वाकून दहाचा पाना शोधू लागला. तो त्याच्या हातातच होता.

डॉक्टर काकांना वार विचारत, साल विचारत, शंभरातून सात वजा करायला लावत. काकूंची परीक्षा वेगळी होती. गाडी थांबली की त्या मांडीवर पिशवी घेऊन समोर बघत बसत. बॉनेटवर दोन थापा पडल्या की काका पास. वार चुकला, पुतण्याचे नाव चुकले, दुपारचे जेवण झाले की नाही ते चुकले, पण थापा पडत राहिल्या. तेवढ्यावर काकू घरी जाऊन स्वयंपाकाला लागत.

मग एक दिवस घरासमोर मी थांबलो, काका उतरले आणि सरळ घरात गेले.

काकू बसून राहिल्या. उतरायला दुसरी वाट होती. गिअरच्या दांड्यावरून पाय टाकून पलीकडच्या दाराने उतरता आले असते. त्या सरकल्या नाहीत. माझे इंजिन हळूहळू थंड होत टिक टिक करत होते, तेवढाच आवाज. शेवटी शेजारच्या वहिनींनी येऊन दार उघडले.

"अहो काकू, आत का बसलात?"

"काही नाही. पाय आखडला होता."

त्याच आठवड्यात काका एकदा चांगले शुद्धीवर होते. असे अधूनमधून होई, जुनी गाडी एखाद्या सकाळी पहिल्याच किल्लीला सुरू व्हावी तसे. ते म्हणाले, "तू गाडी शिक. लवकर शिक. मला शिकवता येतंय तोवर."

दुकानामागच्या मैदानात शिकवणी झाली. काकू स्टिअरिंगवर, काका डावीकडे. काकू क्लच झटक्यात सोडत आणि मी उडी मारून बंद पडे. "डबडं मेलं," असे काकू म्हणाल्या. त्यांच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच ऐकले.

"टाकू नकोस. सोड," काका म्हणाले. "काच आहे असं समज. पाय वर घेताना सांग तिला, सोडते म्हणून. मग ती थरथरेल. ते तिचं 'घेतलं'. ते ऐकलंस की सोड."

"सोडते," काकू मला म्हणाल्या.

माझा क्लच झिजलेला, मी फार उशिरा पकडत असे. पण त्या दिवशी जमेल तितक्या लवकर मी थरथरलो.

"घेतलं!" काका ओरडले, आणि आम्ही तिघे मैदानभर फिरलो. तिसऱ्या गिअरवर दोघांचे हात होते.

पुढे काका डावीकडेच बसू लागले, मांडीवर काकूंची पिशवी घेऊन. आता गाडी थांबली की काकू उतरत, पुढून वळसा घालत, बॉनेटवर दोन थापा मारत आणि दार उघडत. त्यांचा हात हलका, पण थापा दोनच. काका ऐटीत उतरत. एकदा ते म्हणाले, "तू रोज माझं दार उघडतेस. तुझा नवरा काही म्हणत नाही?"

"विचारून बघते त्यांना," काकू म्हणाल्या.

काका आता संधी मिळाली की घराबाहेर पडत आणि कुठेतरी निघत. त्यामुळे घराला आतून वर कडी, बाहेरून कुलूप, आणि काकूंचा एक डोळा कायम दारावर. फक्त माझ्यात बसवले की त्या निर्धास्त असत. काच खाली होत नव्हती, दार आतून उघडत नव्हते, आणि पलीकडे सरकायचे काकांच्या डोक्यात येत नव्हते. काकू सावली बघून मला उभे करत, भाजी घेत, औषध आणत, दोन शब्द कोणाशी बोलत. परत येऊन थाप मारत. ज्या बिघाडाने एकदा काकूंना जाऊ दिले नव्हते, तोच आता काकांना सांभाळत होता. मी इतकी वर्षे कामाला होतो, पण माझा इतका उपयोग कधी झाला नव्हता.

लेक सुट्टीला आली तेव्हा तिने हे पाहिले. तिचे बाबा बंद गाडीत घाम पुसत बसले होते आणि आई समोर भाजीवालीशी बोलत होती.

"आई, बाबा कोंडलेत आत! काच उतरत नाही, दार उघडत नाही. ही गाडी आहे की पेटी?"

"त्यांना सवय आहे."

"सवय? आग लागली तर?"

काकूंनी पिशवीतली भाजी सारखी केली. आगीच्या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नसते. आणि जन्मभर लपवलेली गोष्ट लेकीला भाजीच्या गाडीपाशी उभे राहून कशी सांगायची, हेही त्यांना सुचले नसावे.

दुसऱ्या दिवशी लेकीने आई-बाबांना आपल्या बोलक्या गाडीतून डॉक्टरकडे सोडले आणि मला पानाकडे नेले.

"काकूंना विचारलंत का?" पाना म्हणाला.

"आईला सगळंच नको असतं. तुम्ही करा. इतकी वर्षं कुणी केलं नाही, आश्चर्य आहे."

"पाच मिनिटांचं काम आहे," पाना म्हणाला, आणि दहाचा पाना शोधण्यात दुपार गेली. कप्प्यातले जुने हँडल त्याने घासून चकचकीत केले, नवी सळई टाकली, काचही खालीवर होईल अशी केली. मी खोटे बोलणार नाही. दार आतून उघडले तेव्हा मला फार हलके वाटले.

काकूंनी संध्याकाळी हँडल पाहिले. त्यावरून एक बोट फिरवले. लेक कौतुकाची वाट बघत उभी होती. "छान झालं," काकू म्हणाल्या. मनात त्यांनी हिशेब केला असावा की या बाजूला हँडल असते हे काकांना कुठे आठवणार आहे? अर्ध्याहून जास्त आयुष्य तिथे नुसते भोक होते.

हिशेब चुकला. काका सगळे विसरले होते. हँडल तुटले आहे हेसुद्धा.

औषधाच्या दुकानात गर्दी होती. काका माझ्यात बसून होते. थोड्या वेळाने त्यांचा हात सहज, जगातल्या कोणत्याही माणसाचा जातो तसा, दाराकडे गेला. दार उघडले. त्यांनी उतरून ते नीट लावले. मग पुढून वळसा घातला आणि बॉनेटवर दोनदा थाप मारली.

मित्रांनो, ती काकूंची हलकी थाप नव्हती. ती काकांची थाप होती. मला वाटले, काका परत आले.

ते पलीकडच्या दाराशी गेले आणि दार उघडून धरून उभे राहिले. "उतर," ते म्हणाले. सीट रिकामी होती. त्यांनी वाकून स्टिअरिंगखाली पाहिले. मागे घोडीच्या आड पाहिले.

"गेली," ते म्हणाले.

माझा हॉर्न डावीकडे वळवल्याशिवाय वाजत नाही, आणि वळवायला कोणी नव्हते.

काकू बाहेर आल्या तेव्हा माझे उजवे दार सताड उघडे होते. फळवाल्याने हात करून सांगितले, "काका ना? तिकडे गेले. बायको माहेरी निघालीय म्हणाले, तिठ्यावर गाठतो. मला वाटलं, तुमचं काहीतरी नेहमीचं."

काकूंनी मला असे पळवले की तिसरा गिअर निसटायलाही विसरला. तिठ्यावर लाल दिव्याला गाड्यांची रांग होती आणि काका त्या रांगेतून चालत होते. एका गाडीच्या बॉनेटवर दोन थापा. डावे दार उघडायचे. आत वाकून बघायचे. मग पुढची गाडी.

"ए! चोर आहे का रे?" कोणीतरी ओरडले. एकाने उतरून त्यांची कॉलर धरली. काकांना त्याचे काही नव्हते. त्यांनी उघडलेल्या दारात एक अनोळखी बाई पर्स छातीशी धरून बसली होती आणि ते तिला समजावत होते.

"तू सांगितलं होतंस. सोडते म्हणालीस, ऐकलं मी. घेतलं म्हणालो आणि घेतलंच नाही. लक्ष नव्हतं माझं. टाकली ती मी, तू नाही. आता उतरायचंय तर उतर, नाहीतर चल घरी. ऊन फार आहे."

काकू मला रस्त्याच्या मधोमध सोडून धावत तिथवर पोहोचल्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले. त्यांनी काकांच्या दंडाला हात लावला. काकांनी वळून पाहिले आणि फार अदबीने म्हणाले, "बाई, जरा थांबा हं. मी माझ्या बायकोशी बोलतोय."

कॉलर धरणाऱ्या माणसाने हात काढला. "तुमचे कोण हे?"

"नवरा."

"मग सांभाळा की, बाई. घरात ठेवा. कुणी मारलं असतं म्हणजे?"

त्यानंतर जे ठरायचे ते ठरले. डॉक्टर बोलले, लेक बोलली, काकूंनी काकांच्या कपड्यांची पिशवी भरली. लेक माझ्या दाराला टेकून रडत होती. "मी ते दार केलं नसतं तर..."

"दार चांगलं झालंय," काकू म्हणाल्या. "आधीच करून घ्यायला हवं होतं." मित्रांनो, काकूंना मी खोटे बोलताना तेवढेच ऐकले. आणि एकदा ते पाय आखडल्याचे.

गल्लीत कुजबुज झाली. "टाकलं म्हणे नवऱ्याला." काकूंनी ते ऐकले. त्या शब्दापाशी त्या क्षणभर थांबल्या आणि पुढे गेल्या.

शहराबाहेर अशा आजाऱ्यांना सांभाळणारी एक संस्था होती; तिथपर्यंत मीच त्यांना नेले. फाटकापाशी काकू उतरल्या, वळसा, दोन थापा, दार. आतून एक परिचारिका आली, हसतमुख, कामाची. काकूंनी काकांचा कोपर दोन्ही हातांनी धरला होता, काचेची कड धरतात तसा, तळवा खालून देऊन.

"सोडते," काकू म्हणाल्या.

"हो, सोडा ना," परिचारिका म्हणाली. "आम्ही आहोत."

काकूंनी सोडले नाही.

"सोडा, मावशी. नीट बघतो आम्ही सगळ्यांना. काळजी नको."

ती चांगली बाई होती. फक्त तिला तो शब्द माहीत नव्हता. काकू तशाच उभ्या. मागे एक गाडी येऊन थांबली, तिने हॉर्न दिला. परिचारिकेने घड्याळाकडे पाहिले नाही, पण पाहावेसे वाटले असावे.

काका बरेच दिवस नीट बोलले नव्हते. त्यांनी आपल्या कोपराखालच्या त्या हातांकडे पाहिले. मग स्वतःचा दुसरा हात हळूच तिथे खाली सरकवला, भार तोलून बघितला आणि म्हणाले, "घेतलं."

काकूंनी सोडले.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी काहीतरी मागायची रीत आहे. तेव्हा मागतो. गाडीचे तेलपाणी वेळेवर बघा. उभ्या गाडीला अधूनमधून सुरू करा. गंजाला लहान समजू नका. आणि कोणाच्या घरातली मोडकी वस्तू दुरुस्त करायला घ्याल, तेव्हा मोडलेल्या अवस्थेत ती काय काम करते आहे, एवढे आधी विचारा. पाना म्हणतो तशी ती पाच मिनिटांची कामे असतात. विचारायला त्याहून कमी वेळ लागतो.

काकू दर रविवारी मला तिथे घेऊन जातात. काचेचा धंदा बंद झाला; एकटीने काच उचलता येत नाही. माझ्या हौद्यातली घोडी रिकामी असते आणि खड्ड्यांत खडखडते. फाटकाबाहेर मला उभे करून त्या आत जायच्या आधी डावीकडे वाकतात आणि ते हँडल एकदा ओढून बघतात. दार उघडते. पानाचे काम पक्के आहे.

आत काकांच्या खोलीची, व्हरांड्याची आणि इमारतीची, अशी कुठलीच दारे आतून उघडत नाहीत. त्यांच्यात बिघाड काही नाही. ती तशीच बनवलेली आहेत.